स्वस्थ तास

जुईने आईला पाहिलं आणि भोकाड पसरलं.

तोवर ती अगदी मजेत होती. शलाकाने खिडकीच्या गजांतून चोरून पाहिलंच होतं. ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा, तो पडला की स्वतःशीच "पल्ला" म्हणायचं आणि पुन्हा सुरुवात. शलाका दारात आली, "जुई" एवढंच म्हणाली. त्या दीड वर्षाच्या चेहऱ्याचं आधी काहीच झालं नाही. मग खालचा ओठ बाहेर आला, मग नाक लाल झालं, आणि मग जणू दिवसभराचं सगळं एकदम आठवून ती दोन्ही हात पसरून रडत रडत धावत सुटली. तिचं ऐकून आणखी दोघांनी सूर लावला, त्यांच्या आया अजून यायच्या होत्या तरी.

भिंतीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला, आणि पिवळ्याचा तांबडा.

"झालं," पाळणाघराच्या शेवंतामावशी दिव्याकडे बघत म्हणाल्या. "दिवसभर एक पोर हूं की चूं करत नाही. तुम्ही आया आलात की रडारड. नावं मात्र आम्हाला."

शलाका हसली, पण पूर्वीसारखी नाही. जुईला खांद्यावर थोपटताना तिचंही लक्ष त्या दिव्याकडेच होतं. तो दिवा तिनेच बसवून घेतला होता.

शलाका खिलारे नांदरखेड महानगरपालिकेत समाजविकास अधिकारी होती. शहरातली अकरा पाळणाघरं तिच्या विभागात येत, आणि ती सगळी शेवंतामावशींचा जिव्हाळा महिला बचत गट चालवत असे. चालवत असे म्हणजे नऊ वर्षं चालवत आला होता. पहिल्या वर्षी दुसरं कुणी पुढे आलं नाही म्हणून काम गटाला दिलं, आणि तेव्हापासून दरवर्षी मुदतवाढ. निविदा कधी निघालीच नाही. लेखापरीक्षक दरवर्षी त्यावर शेरा मारत आणि महापालिका दरवर्षी त्याला खुलासा देत असे.

गटाचं सगळंच चांगलं होतं असं नाही. गेल्या उन्हाळ्यात एका शाखेत टाकीतलं पाणी संपलं आणि मुलं दुपारभर ओल्या लंगोटांत राहिली. आया भांडायला गेल्या तर मावशींनी सांगितलं, पटत नसेल तर घेऊन जा आपापली. न्यायची कुठे हे आयांनाही ठाऊक नव्हतं आणि मावशींना तर ते पक्कं ठाऊक होतं. शलाका त्या आयांत नव्हती, पण जुईच्या मांडीवरचे लाल चट्टे तिनेही पाहिले होते.

"यंदा मुदतवाढ नाही," उपायुक्त काकडेसाहेब म्हणाले होते. "निविदा काढायची का नाही, शुक्रवारी समितीपुढे ठेवतोय. शिफारस तुमची."

"साहेब, माझी मुलगी तिथेच असते. मी शिफारस करणं बरं दिसेल?"

"माझी नातही तिथेच असते. शहरात दुसरं आहे काय? तुम्ही नको, मी नको, मग शिफारस काय ब्रह्मचाऱ्याकडून घ्यायची?"

यापूर्वी निविदा निघाली नव्हती त्याला एक कारण होतं. रस्ता खरडून बघता येतो, दिवे मोजता येतात. मूल दिवसभर कसं होतं, हे कशाने बघायचं? ते बघता आलं नाही तर सगळ्यात स्वस्त बोलीवाल्याला काम जाणार, आणि तो काय करील ते सांगायला नको.

आता बघता येत होतं. भिंतीवर दिव्यासकट होता तो 'कान', आणि मुलांच्या पायांत होता तो 'वाळा'.

रडणं म्हणजे नुसता आवाज नव्हे. भुकेचं रडणं लयीत चालतं. दुखण्याचं एकदम उंच पट्टीत फुटतं आणि मध्ये श्वास कोंडतो. कंटाळ्याचं खालच्या सुरात रेंगाळतं. कान ती पट्टी, ती लय, दोन हुंदक्यांमधली श्वासाची फट मोजे. वाळा होता मऊ रबराचा, आतून एक पातळ चकती लावलेली. ती घामातलं कॉर्टिसॉल टिपे. जीव धास्तावला की शरीर हे द्रव्य सोडतं. थोडं लागतंच, त्यावाचून सकाळी धड जागही येत नाही. पण लहानग्याच्या अंगात ते दिवसचे दिवस चढलेलं राहिलं तर त्याच्या झोपेला आणि वाढीला ते बरं नव्हे. कान आणि वाळा मिळून दर थोड्या वेळाने ठरवत, हे मूल या घडीला सुखात आहे की नाही. सुखातल्या वेळाची बेरीज म्हणजे त्या पाळणाघराचे तास. बोली लावायची ती अशा एका तासाला किती, अशी.

या तासाला मराठी नाव शलाकाने दिलं होतं. 'निश्चिंत' फार पुस्तकी वाटलं. 'शांत' म्हटलं की इस्पितळातली पाटी आठवे. शेवटी तिने 'स्वस्थ तास' असं लिहिलं. स्वस्थ, म्हणजे आपल्या ठिकाणी असलेलं. जुईला दूध पाजता पाजता एका हाताने तिने तो मसुदा लिहिला होता, आणि हा शब्द सुचल्यावर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

कान आणि वाळे महिनाभर सगळ्या शाखांतून लावले होते. गटाचे तास काही वाईट नव्हते. पण रोज संध्याकाळी, आया यायच्या वेळेला, ते धडाधड कोसळत.

तुलनेसाठी एका कंपनीने बसस्थानकामागे नमुना केंद्र उघडलं होतं. तिथल्या आलेखात ती संध्याकाळची दरी नव्हती. शलाकाला वाटलं, यंत्र बिघडलं असेल.

"यंत्र ठीक आहे," केंद्राचा अभियंता अश्फाक तांबोळी म्हणाला. पस्तिशीचा, सरळ माणूस. "या, दाखवतो."

आतल्या खोलीत प्रत्येक मुलाजवळ एकेक उशी होती. उशी उबदार होती आणि तिच्यात हळू ठोके पडत होते. उशी बोलतही होती. प्रत्येक मुलाच्या आईचा थोडा वेळ आवाज घ्यायचा. गाणं नको, आपलं रोजचं बोलणं. त्यावरून यंत्र त्या आवाजात नवी वाक्यं तयार करी. मूल धडपडलं की त्याची उशी म्हणे, "असू दे, काही झालं नाही." वाळा सांगे धास्ती वाढतेय, उशी बोले. वाळा सांगे उतरली, उशी गप्प होई.

"मूल आईला विसरत नाही ना यात?"

"विसरायला आई जायला तर हवी. मुलाच्या लेखी ती इथेच असते दिवसभर." अश्फाकने एक उशी सरळ केली. "आमच्याकडेही आहे घरी एक. मुलगी छान झोपते. बायको तिला सवत म्हणते, उशीला."

शलाकाने आवाज दिला. काय बोलायचं सुचेना, तर भाजी काय आणायची ते बोलली, ठोकळ्यांबद्दल बोलली, 'अगं जुई, मोजा काढू नकोस' असं काहीबाही बोलली. तीन दिवस जुईला तिथे ठेवून बघायचं ठरलं. आपल्या मुलीवर बघितल्याशिवाय शिफारस करायची कशी, असं तिने प्रफुल्लला, म्हणजे नवऱ्याला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

तीन दिवस जुईच्या मांडीवर चट्टा नव्हता. वाळ्यातलं कॉर्टिसॉल आधीपेक्षा स्पष्ट खाली होतं. लेक सुखात होती, यात शंका घ्यायला जागा नव्हती. शलाकाने शंका घेऊन पाहिली.

तिसऱ्या दिवशी ती न्यायला गेली. दारातून म्हणाली, "जुई."

जुईने वर पाहिलं. मग उशीकडे पाहिलं. मग पुन्हा दाराकडे. ओठ बाहेर आला नाही, नाक लाल झालं नाही. ती छान हसली, उशीवर थोपटलं, आणि खिडकीतून गाय दाखवावी तशी ती उशी शलाकाला दाखवत म्हणाली, "आई."

भिंतीवरचा दिवा हिरवागार होता.

घरी प्रफुल्ल पोळ्या लाटत होता. तो शहर बसच्या आगारात चालकांना शिकवायचा. बसचा ठेका निविदेने गेला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि हा माणूस दोन्ही काळ बघून बसला होता.

"रडली नाही, हे चांगलं की वाईट ते सांग मला," शलाका म्हणाली.

"माझ्याकडे बघून ती कधीच रडत नाही. मी वाईट मानतो का?"

"थट्टा नको रे."

"थट्टा नाही. मी न्यायला गेलो की येते आपली चपला हातात घेऊन. रडणं तुझ्यासाठी राखून ठेवते ती. लाडाचं रडणं आहे ते." त्याने पोळी उलटली. "तुमचा तो कान त्याला काय म्हणतो?"

"क्लेश."

"घ्या."

"मग मुदतवाढ देऊ मावशींना? ते ओले लंगोट, ती उर्मट उत्तरं, सगळं पदरात घालून?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग निविदा काढू?"

प्रफुल्लने तवा खाली उतरवला. "हे बघ, आमची बस आता वेळेवर येते. पूर्वी येत नव्हती, खोटं कशाला बोलू. पण पूर्वी थांब्यापासून दहा पावलांवर कोणी म्हातारी हात करत आली तर मी थांबायचो. आता पोरांना शिकवतो, थांबू नका, दंड लागेल. थांबणं ठेक्यात लिहिलेलं नाही ना."

"मग लिहायचं होतं."

"काय लिहिणार? 'म्हातारी दिसल्यास थांबावे'? म्हातारी म्हणजे किती वर्षांची?"

शलाका हसली आणि हसता हसता तिला वैताग आला. ज्याला विचारावं तो दोन्ही बाजूंनी खरं बोलत होता. जुई स्वयंपाकघराच्या दारात बसून डब्याचं झाकण वाजवत होती. मध्येच थांबून तिने सोफ्यावरच्या साध्या उशीला कान लावला, वाट पाहिली, आणि पुन्हा झाकण वाजवायला लागली.

जुई पुन्हा मावशींकडे जायला लागली. दुसऱ्याच दिवशी शेवंतामावशी शलाकाच्या कार्यालयात आल्या. पदर खोचलेला, घाम पुसत, खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"ताई, लेकीला तिकडं ठेवलीत म्हणे तीन दिवस."

"बघायला, मावशी. कामाचा भाग म्हणून."

"बघा की. आम्ही काय बांधून ठेवलंय." त्यांनी पदर पुन्हा खोचला. "चौतीस बायका आहेत गटात. बोली लावायची म्हणजे त्या कंपनीसमोर आम्ही काय लावणार? बरं, लावू. पण परीक्षा कशाची आहे ते तरी सांगा. त्या कागदात स्वस्थ तास, स्वस्थ तास म्हटलंय, ते काय?"

त्याच वेळी शलाकाचा फोन वाजत होता, दारात कोणी सहीसाठी उभं होतं. "मुलं स्वस्थ असली पाहिजेत, मावशी. जितकी स्वस्थ तितके गुण जास्त. तुमचे दिवसाचे चांगले आहेत, संध्याकाळी आया येतात तेव्हा जातात."

"एवढंच ना," मावशी म्हणाल्या आणि उठल्या. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. शलाकालाही बरं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी ती पाळणाघराशी आली तेव्हा आतून काहीच ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं, सुट्टी दिली की काय. खिडकीतून पाहिलं तर मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. ठोकळे खोक्यात भरलेले. प्रत्येकाचा एक गाल फुगलेला. मधून एक मावशी तोंडावर बोट धरून फिरत होती.

शलाका दारात आली. "जुई."

जुईने पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. पण गालातलं काहीतरी घरंगळलं तसा ओठ मिटला, आणि ती चोखू लागली. डोळे काठोकाठ भरले होते आणि तोंड चोखत होतं. जागची हलली नाही.

"बघा ताई," शेवंतामावशी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "कशी स्वस्थ बसलीत."

शलाकाने आत जाऊन जुईच्या तोंडात बोट घातलं. चांगला बोराएवढा खडीसाखरेचा खडा निघाला.

"अहो मावशी, घशात अडकला असता म्हणजे?"

"आमच्या डोळ्यांसमोर आहेत की. आणि तुम्हीच म्हणालात, स्वस्थ पाहिजेत."

भिंतीवरचा दिवा हिरवा होता. शलाका त्या खड्याकडे बघत राहिली. गोड जिभेवर पडलं की तान्ह्याचं रडणं थांबतं, हे ती प्रशिक्षणात शिकली होती. सुई टोचण्याआधी बाळाला साखरपाण्याचे थेंब देतात ते त्याचसाठी. कानाला रडणं सापडलं नाही. वाळ्यातली चकती घामाची वाट बघत राहते, त्यामुळे ती एवढ्या लवकर काही सांगणार नव्हती. अडाण्यासारखं कोणीच वागलं नव्हतं. 'स्वस्थ बस' हे मराठीत आई मुलाला म्हणते तेव्हा तिच्या मनात काय असतं, हे शलाकाला ठाऊक नव्हतं असंही नाही. तिने स्वतः सकाळी जुईला मोजे घालताना चार वेळा म्हटलं होतं.

जे पाळणाघर वाचवायचं की नाही म्हणून आठवडाभर डोकं शिणवलं, ते नुसत्या स्पर्धेच्या बातमीनेच बदलून गेलं होतं. आणि निविदा अजून निघायचीच होती.

घरी आल्यावर, चपला काढता काढता, जुई रडली. खूप वेळ रडली. शलाका जमिनीवर तिला मांडीत घेऊन बसून राहिली. वाळ्याचा आकडा फोनवर दिसत होता. तिने फोन पालथा ठेवला.

शुक्रवारी समितीपुढे ती उभी राहिली तेव्हाही तिला नक्की काही कळलं होतं असं नाही.

"निविदा काढावी," ती म्हणाली. "नऊ वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून ओल्या लंगोटांचा जाब कोणी दिला नाही. गटानेही बोली लावावी, कंपनीनेही लावावी. पण दोन बदल हवेत. फाटकावर आईने न्यायला आल्याचं कार्ड टेकवलं की त्या मुलापुरता कान बंद व्हायला हवा. त्यापुढचं रडणं कोणाच्याच खात्यात धरायचं नाही."

"होईल ते?" काकडेसाहेबांनी नमुना केंद्राकडून बोलावलेल्या अश्फाककडे पाहिलं.

"होईल," अश्फाक म्हणाला. "आमचा त्यात तोटा आहे. पण होईल."

"आणि दुसरा?"

"'स्वस्थ' हा शब्द काढायचा. चुकलाय तो माझा."

"काढू. त्या जागी काय घालू?"

शलाकाने तोंड उघडलं. निवांत, तृप्त, रमलेलं, खुशाल. एकेक शब्द उचलून पाहिला, आणि प्रत्येकाला कुठेतरी एक खडीसाखरेचा खडा चिकटलेला दिसला. उशीपाशी हसणारी जुई रमलेली होती. मग शलाकाला पाहून भोकाड पसरणारी जुई कोण होती?

"जागा रिकामी ठेवा, साहेब. सोमवारपर्यंत सांगते."

"रिकाम्या जागेवर बोली कशी मागवू?" काकडेसाहेब म्हणाले, पण त्यांनी तो शब्द खोडला. नात त्यांचीही होती.

संध्याकाळी बातमी तिच्या आधी पाळणाघरात पोचली होती. आज ठोकळे बाहेर होते, गलका होता. शेवंतामावशींनी जुईचं दप्तर तिच्या हातात दिलं.

"म्हणजे बोली लावायचीच."

"हो, मावशी. तुम्ही लावाल ना?"

"लावू की, मॅडम."

नऊ महिन्यांची जुई पहिल्यांदा इथे आली तेव्हा शलाकालाच रडू आवरेना, म्हणून याच बाईने तिला आत बसवून चहा पाजला होता. तेव्हापासून ती ताई होती. आज 'मॅडम' ऐकून शलाकाने दप्तराचा बंद उगाच दोनदा नीट केला.

जुई आली. शलाकाने कानात प्राण आणून वाट पाहिली. जुई थांबली, आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि रडली नाही. का रडली नाही? उशीची सवय झाली, साखरेची झाली, की आठवड्याभरात तेवढी मोठी झाली? की आज आईचाच चेहरा आधी विरघळायला लागला होता म्हणून? शलाकाने तिला उचलून घेतलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं, आणि तिला एक हुंदका फुटला. मग दुसरा.

भिंतीवरचा दिवा पिवळा झाला.

मावशींनी दिव्याकडे पाहिलं, शलाकाकडे पाहिलं. "गुण जातील आमचे," त्या म्हणाल्या, आणि काही केल्या त्यांना 'मॅडम' म्हणणं जमलं नाही. "अहो ताई. आज काय हे."

जुईने आपली चिकट मूठ उघडली. तिच्यात कुटलेल्या खडीसाखरेचे चार कण होते. मावशींनी घाईने सांगितलं, "शुक्रवारचा प्रसाद आहे तो. मोजणीतला नाही."

जुईने एक बारीक कण नीट चिमटीत धरला, आईच्या ओठांमधून आत ढकलला, आणि गालावर थोपटत म्हणाली, "गप."